गायीच्या कासेची सोनोग्राफी : गाभण तपासणीचा प्रोब सडाला कसा लावायचा

सिन्नर, निफाड, येवला, दिंडोरी भागात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायींच्या गोठ्यांवर फिरणाऱ्या अनेक पशुवैद्यकांच्या बॅगेत गाभण तपासणीसाठी घेतलेलं छोटं सोनोग्राफी यंत्र असतं. त्याचाच प्रोब (अंगाला टेकवायचा भाग) स्वच्छ धुऊन सडाला आणि कासेला लावला, तर दूध कुठे अडलंय, गाठीत पू आहे की रक्त, दगडी झालेल्या कप्प्यात दूध तयार करणारा भाग किती उरलाय, हे हत्यार न लावता कळतं. हा लेख अशा नव्या पशुवैद्यकांसाठी आहे. गोठामालकांनीही वाचावा, कारण निम्मी तयारी त्यांच्या हातात असते.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. पडद्यावर रचना दिसते, जंतू दिसत नाहीत. वरून निरोगी दिसणाऱ्या गायीतला छुपा कासदाह सोनोग्राफीवर बहुतेकदा दिसतच नाही. त्यासाठी सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, दुधात द्रावण मिसळून गोठ्यावरच करायची चाचणी), दुधातल्या पेशींची मोजणी आणि दुधाचं कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघणं) हेच मार्ग आहेत. म्हणून क्रम कायम असा ठेवा : आधी हात, मग दूध, मग प्रोब.

१. कोणत्या गायीला तपासायचं

सगळ्या गोठ्याला सरसकट प्रोब लावत बसू नका. वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. तपासणीचा खरा उपयोग पुढच्या प्रसंगी होतो :

- कास भरलेली आहे, पण एका सडातून धार येत नाही किंवा बारीक येते.
- कासेत गाठ किंवा घट्ट भाग लागतो.
- एकाच कप्प्यात कासदाह पुन्हा पुन्हा होतो आणि त्या कप्प्यावर आणखी खर्च करावा का, हे ठरवायचं आहे.
- सडावर पाय पडलाय, तार लागलीय किंवा लम्पीच्या गाठी येऊन गेल्यावर सड जाड राहिलाय.
- पहिलारू कालवड व्यायला आली आहे आणि एक सड आंधळा (दुधाचा मार्गच नसलेला) असल्याचा संशय आहे.
- मिल्किंग मशिन लावल्यापासून सडांची टोकं निळसर, कडक होताहेत.

गाय तापलेली असेल, उभी राहत नसेल, कास गार आणि जांभळी पडली असेल, तर सोनोग्राफीत वेळ घालवू नका. आधी जीव वाचवायचे उपचार.

२. कागदपत्रं

रोगनिदान आणि सडावरची शस्त्रक्रिया हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे. भारतीय पशुवैद्यकीय परिषद कायदा, १९८४ तसं सांगतो. राज्य परिषदेच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत बॅगेत ठेवा. गोठामालकाने यंत्र विकत घेतलं तरी निदान पशुवैद्यकानेच करायचं.

यंत्र घेण्याआधी गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदानतंत्र कायदा, १९९४ (माणसांतली गर्भलिंग तपासणी रोखणारा) लक्षात घ्या. ‘यंत्र जनावरांचं आहे, आपल्याला काय लागू होतंय’ असं गृहीत धरून पुढे जाऊ नका. समुचित प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. चौकशी ग्रामीण भागासाठी जिल्हा रुग्णालयात आणि शहरासाठी महापालिकेच्या आरोग्य विभागात करा. खरेदीचं बिल, यंत्राचा आणि प्रोबचा अनुक्रमांक हेही त्याच फाइलमध्ये ठेवा.

गोठ्यावर लागतील त्या गोष्टी : गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, व्यायल्याची तारीख, वेत कितवं, आधी कोणती औषधं झाली, आणि सडात हत्यार घालायची वेळ आली तर मालकाची सही असलेलं संमतीपत्र.

३. साहित्य

- लिनिअर (सरळ तोंडाचा) प्रोब, ५ ते ७.५ मेगाहर्ट्झ. गाभण तपासणीचा गुदमार्गाचा प्रोब चालतो. सडासाठी ७.५ किंवा त्याहून जास्त ठेवा. ५ मेगाहर्ट्झला चित्र थोडं भरड येतं, पण खोलवर दिसतं. मोठ्या कासेच्या आतल्या भागासाठी ३.५ ते ५ मेगाहर्ट्झचा कॉन्व्हेक्स (फुगीर तोंडाचा) प्रोब मिळाला तर उत्तम.
- सोनोग्राफी जेल. तेल किंवा व्हॅसलीन नको, प्रोबचं रबर खराब होतं.
- पातळ भिंतीचे पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास, सड पूर्ण बुडेल एवढे उंच. ग्लास जाड असेल तर पडद्यावर एकामागोमाग खोट्या रेषा उमटतात.
- उकळून कोमट केलेलं पाणी, थर्मासमध्ये. उकळल्याने पाण्यातली हवा निघून जाते. नळाचं ताजं पाणी घेतलं की बारीक बुडबुडे सडाला चिकटतात आणि पांढरे ठिपके दिसतात.
- सीएमटीचं पॅडल आणि द्रावण, निर्जंतुक बाटल्या, ७० टक्के अल्कोहोलचे बोळे.
- दर गायीला वेगळे हातमोजे, दर सडाला वेगळा कागदी रुमाल.
- आयोडीनचं टीट डिप (धार काढल्यावर सडाला लावायचं जंतुनाशक).
- बॅटरी पूर्ण भरलेली, आणि पडद्यावर सावली धरायला काळं कापड. येवल्या-मनमाडकडच्या उन्हात उघड्या गोठ्यात कापडाशिवाय पडदा वाचता येत नाही.

४. वेळ

धार काढण्याच्या साधारण एक तास आधी पोहोचा. कास भरलेली हवी, कारण दूध पडद्यावर काळं दिसतं आणि त्या काळ्या पार्श्वभूमीवरच सडातला पडदा, खडा किंवा मांस उठून दिसतं. धार काढून झाल्यावर पोकळी मिटते, दोन भिंती एकमेकींना चिकटतात आणि निरोगी सडही बुजल्यासारखा वाटतो. संकलन केंद्राची वेळ गाठायची म्हणून मालक घाई करतात. त्यामुळे आदल्या दिवशीच फोन करून सांगा : तपासायची गाय शेवटी पिळा, आणि आम्ही येईपर्यंत सडात ट्यूब सोडू नका. ट्यूबमधलं तेलकट औषध आणि आत गेलेली हवा, दोन्ही पडद्यावर पांढरी दिसतात.

इगतपुरी-त्र्यंबककडच्या डांगी गायींना वासरू लावून पान्हा सोडवतात. अशा वेळी वासरू बाजूला घेऊन सड पुसा, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या आणि मग प्रोब लावा. या गायींचे सड लहान असतात, त्यांना ग्लासही लहान घ्या.

५. गाय उभी करणं आणि दुधाचा नमुना

खोडा असेल तर खोड्यात, नसेल तर भिंतीला लावून उभी करा. डोक्याशी ओळखीचा माणूस, पुढ्यात वैरण. शेपूट धरायला एक जण लागतो. गायीच्या मागे बसू नका. बाजूला, खांद्याचा आधार तिच्या मांडीला देऊन उकिडवे बसा, म्हणजे पाय उचलायच्या आधीच हालचाल जाणवते. निफाडच्या थंडीत पहाटे जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवा. गार जेल लागताच शांत गायही लाथ झाडते.

जेल लावण्याआधी नमुना घ्या. पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात काढून गाठी, पाणीपणा, रक्त बघा. मग सीएमटी : दर कप्प्याचं सुमारे २ मि.लि. दूध, तेवढंच द्रावण. कल्चरला पाठवायचं असेल तर लांबचे सड आधी पुसा आणि जवळचे नंतर. नमुना मात्र जवळच्या सडांचा आधी घ्या, म्हणजे पुसलेल्या सडाला हात लागत नाही. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा.

६. यंत्र लावून घ्या : चांगल्या सडावर

ही पायरी नवीन माणूस हमखास गाळतो. आजारी सडाकडे थेट वळू नका. आधी त्याच गायीचा चांगला सड घ्या, शक्यतो जोडीचा : पुढचा डावा आजारी तर पुढचा उजवा. डेप्थ (किती खोलवर बघायचं) ४ ते ६ सेंमी, फोकस (सगळ्यात स्पष्ट दिसणारी पातळी) सडाच्या मध्यावर. गेन (चित्राचा उजळपणा) इतकाच ठेवा की पोकळीतलं दूध स्वच्छ काळं दिसेल. गेन जास्त झाला की निरोगी दुधातही ठिपके उमटतात आणि पू असल्याचा भास होतो. हे बटण एकदा लावलं की चारही सड संपेपर्यंत हलवायचं नाही. तुलना करायची तर दोन्ही चित्रं एकाच मापाने घेतलेली हवीत.

सडाची लांबी, भिंतीची जाडी, सडनलिकेची (सडाच्या टोकातल्या बारीक मार्गाची) लांबी जात, वेत आणि गायीगणिक बदलते. नलिका साधारण १ सेंमीच्या आसपास असते, भिंत काही मिलिमीटर. पण खरा आधार पुस्तकातल्या आकड्याचा नसतो, त्याच गायीच्या जोडीच्या सडाचा असतो.

७. सड : ग्लासातून

ग्लासात ३० ते ३५ अंश सेल्सिअसचं पाणी काठोकाठ भरा, सड त्यात बुडवा आणि ग्लासची कड कासेला टेकवा. प्रोबवर जेल घेऊन ग्लासच्या बाहेरून उभा धरा. असं केल्याने सड दाबला जात नाही आणि मूळ आकार दिसतो. प्रोब थेट सडावर दाबला तर पोकळी मिटते. मग ‘सड बुजलाय’ असा निष्कर्ष निघतो, आणि चूक फक्त तुमच्या हाताची असते.

खालून वर काय काय दिसतं ते क्रमाने वाचा :

टोकाला सडनलिका. दोन गडद पट्ट्यांच्या मधोमध पांढरी बारीक रेघ. तिच्या वरच्या टोकाला आतल्या अस्तराच्या चुण्या, मग काळी पोकळी, आणि वर सड कासेला मिळतो तिथे थोडा अरुंद भाग. भिंतीचे तीन थर दिसतात : बाहेर त्वचेची पांढरी रेघ, मध्ये जाड करडा थर, आत अस्तराची पांढरी रेघ. मधल्या थरातले काळे ठिपके म्हणजे रक्तवाहिन्या.

उभं चित्र झालं की प्रोब ९० अंशांत फिरवून आडवी चित्रं घ्या. टोक, मध्य, मूळ अशी तीन. भिंतीला एका बाजूने चिकटलेलं मांस उभ्या चित्रात कधी कधी सुटतं, आडव्यात सापडतं.

८. धार अडलेली असेल तर

सोनोग्राफीची सगळ्यात मोठी किंमत इथे वसूल होते, म्हणून थोडं थांबून पाहा. प्रश्न तीनच : अडथळा कुठे, किती लांब, आणि हलता की चिकटलेला.

सडाची पोकळी दुधाने फुगलेली आहे, पण धार नाही : अडथळा टोकाला, नलिकेत किंवा तिच्या लगेच वर. पाय पडलेल्या सडात अस्तर फाटून आत दुमडलेलं दिसतं.

पोकळी मधेच तुटते, वर काळं, खाली काळं आणि मध्ये करडा भाग : पोकळीत मांस वाढलंय. त्याची लांबी मोजा. काही मिलिमीटरचा गोळा काढता येण्यासारखा असतो. निम्मी पोकळी व्यापलेली असेल तर हत्यार घातल्याने जखम वाढते आणि सड पुन्हा बुजतो. हे मालकाला आधीच स्पष्ट सांगायला हवं.

सड रिकामा, वर कासेत मात्र दूध साठलेलं : अडथळा सडाच्या मुळाशी. पातळ पडदा असेल तर काळ्यावर आडवी पांढरी रेघ दिसते. जाड पट्टा असेल तर निकाल तितका चांगला नसतो. पहिलारू कालवडीत सड भरलेलाच नाही आणि वरही काळी पोकळी नाही, तर तिथे जन्मतः मार्गच नाही. पडदा फोडायला हत्यार घालू नका.

पांढरा ठिपका दुधात वरखाली हलतो, खाली सावली पडते : दुधातला खडा. सड हलक्या हाताने टिचकवून पाहा, खडा जागा बदलतो.

अशा सडात मालकाने आधी काडी किंवा नळी घातली आहे का, हे न चिडता विचारा. घातली असेल तर अस्तराला जखम आणि आत जंतू, दोन्ही धरून चाला. तसंच चित्र न पाहता टीट नाइफ (सडात घालायची बारीक सुरी) फिरवू नका. रक्तवाहिन्यांचं जाळं सडाच्या मुळाशी दाट असतं, तिथे एक चुकीचा काप सडाचा शेवट करतो.

९. कासेचा आतला भाग

आता ग्लास नको. केस दाट असतील तर कातरा (वस्तरा नको, खरचटतं), भरपूर जेल लावा आणि डेप्थ ८ ते १५ सेंमीपर्यंत वाढवा. पुढचे कप्पे बाजूने, मागचे कप्पे मागून आणि बाजूने, प्रत्येक कप्पा सडाच्या मुळापासून वर.

निरोगी कासेचा पोत बारीक रवा पसरल्यासारखा एकसारखा करडा दिसतो. त्यात काळ्या वाटा म्हणजे दुधाच्या नलिका. त्यापेक्षा वेगळं दिसलं तर :

- *ताजा कासदाह :* पोत विस्कटतो, काही भाग सुजून गडद होतो. पोकळीतल्या काळ्या दुधात पांढरे तुकडे तरंगतात.
- *जुना, कडक झालेला कप्पा :* पांढरट, भरड ठिगळं, नलिका कमी. कप्प्याचा बराच भाग असा असेल तर त्यातून पूर्वीइतकं दूध येण्याची आशा धरू नये.
- *पुवाची गाठ :* गोल, भोवती जाड पांढरं कवच, आत करडं द्रव्य. प्रोबने हलकं दाबलं की आतलं द्रव्य घुसळतं.
- *रक्ताची गाठ :* मार लागल्याचा इतिहास, सुरुवातीला काळी, नंतर आत जाळ्यासारखे धागे.
- *वायू :* अगदी पांढरे ठिपके आणि खाली धुरकट सावली. गाय आजारी असेल तर हे गंभीर लक्षण आहे.

कासेच्या मागच्या बाजूला वर, दोन मांड्यांच्या मध्ये लसिका गाठी असतात. दोन्ही बाजूंच्या मोजा. एका बाजूची ठळक मोठी असेल तर त्या बाजूच्या कप्प्यांचं दूध पुन्हा तपासा. मात्र मोठ्या गाठीवरून कासदाह जाहीर करू नका, वय आणि जुने आजारही ती वाढवतात.

१०. मशिनचा परिणाम बघायचा असेल तर

तोच सड धार काढण्याआधी आणि लगेच नंतर मोजा : भिंतीची जाडी, नलिकेची लांबी, पोकळीची रुंदी. मशिननंतर भिंत थोडी जाड होणं आणि नलिका लांबणं स्वाभाविक आहे. हा बदल ओसरायला काही तास लागतात. पुढच्या दूध काढण्याच्या वेळेलाही भिंत पूर्ववत झाली नसेल, किंवा गोठ्यातल्या बहुतेक गायींत फरक मोठा असेल, तर यंत्राकडे वळा. धार जोरात असताना सडाच्या टोकापाशी निर्वात (मशिनची ओढ) साधारण ३२ ते ४२ किलोपास्कल असावा. लायनर (कपातलं रबर) कधी बदलले ते विचारा, आणि दूध संपल्यावरही कप लावून ठेवतात का, ते उभं राहून बघा. मालक सांगतात त्यापेक्षा प्रत्यक्षात कप जास्त वेळ राहतो.

११. हमखास फसवणारी चित्रं

रक्तवाहिनी आणि गळू. दोन्ही गडद, गोल. गोलाचा शोध प्रोब फिरवून घ्या : वाहिनी नळीसारखी लांबत जाते आणि दाबली की मिटते. डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय) असेल तर लावाच. या खात्रीशिवाय कासेतल्या कोणत्याही गडद गोलात सुई घालू नका. दुधाच्या शिरेला छिद्र पडलं तर रक्त थांबवणं अवघड होतं.

नुकतीच व्यालेली गाय. त्वचेखाली जाड थर आणि मधे काळ्या फटी दिसतात. ती बाळंतपणाची सूज आहे. सीएमटी आणि दूध ठीक असेल तर कासदाहाचे उपचार सुरू करू नका. चिकाच्या पहिल्या दिवसांत सीएमटीही चढी दिसते, हेही लक्षात घ्या.

आटलेली गाय. पोत वेगळा आणि पोकळी जवळपास रिकामी. तिची तुलना दुभत्या गायीच्या चित्राशी होत नाही.

मसाज केल्यावर लगेच. तळाला बसलेला साका ढवळतो आणि दूध ठिपकेदार दिसतं. दोन मिनिटं थांबून परत बघा.

१२. दोन गायींच्या मध्ये

इथे कंटाळा केला तर तुमचाच प्रोब गोठ्यात रोग पसरवेल. आधी चांगले सड, मग आजारी. आधी चांगल्या गायी, मग कासदाहाच्या. प्रत्येक गायीनंतर जेल पुसा, प्रोब साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडा करा आणि प्रोब बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलंच जंतुनाशक वापरा. अनेक प्रोबचं रबर स्पिरिटने तडकतं. गाभण तपासणीला वापरलेला प्रोब कासेला लावायचा असेल तर त्याला पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, आत-बाहेर जेल लावून. ग्लासातलं पाणी दर गायीला बदला, आजारी सडानंतर ग्लासही.

तपासणी संपली की सडावरचं जेल पूर्ण पुसा, धार काढा, टीट डिप लावा आणि वैरण टाकून गाय अर्धा तास उभी राहील असं बघा. सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं.

१३. नोंद

चित्र साठवताना प्रत्येकावर सड लिहा : पुउ (पुढचा उजवा), पुडा (पुढचा डावा), माउ (मागचा उजवा), माडा (मागचा डावा). सोबत बिल्ला क्रमांक, वेत, व्यायल्यापासूनचे दिवस, शेवटची धार किती तासांपूर्वी, मेगाहर्ट्झ, डेप्थ, गेन, सीएमटीचा निकाल. गेन लिहिला नसेल तर पुढच्या वेळी तुलना करता येत नाही. उपचार केलेल्या कप्प्याचं चित्र दोन आठवड्यांनी त्याच मापाने परत घ्या. प्रतिजैविक दिलं असेल तर दूध किती दिवस संकलनाला द्यायचं नाही, ते औषधाच्या लेबलवरून वाचून तारखेसह मालकाच्या वहीत लिहून द्या. प्रयोगशाळेचा अहवाल आला की त्याच पानाला जोडा.